अडखळणारें इंजिन : दोष कसा शोधावा ?

मोटार रस्त्यांत अडली म्हणजे तिच्याभोंवतीं जमलेल्या मंडळींपैकीं प्रत्येकजण लागलीच वैद्य होतो. एक म्हणतो, "प्लग बदला". दुसरा म्हणतो, "पेट्रोलांत कचरा आहे". तिसरा तर इंजिनच खोलावयास सांगतो. परंतु "हें केव्हां केव्हां होतें ?" हा साधा प्रश्न मालकास विचारणारा मनुष्य क्वचितच आढळतो. ह्या एका प्रश्नाचें मोल किती आहे तें अमेरिकेंतील एका उदाहरणावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम इंजिनाचें काम थोडक्यांत पाहूं. पेट्रोल-इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरांत चार क्रिया आळीपाळीनें घडतात : हवा व पेट्रोल आंत येणें, दट्ट्यानें तें मिश्रण दाबणें, विजेच्या ठिणगीनें तें पेटणें, आणि जळलेला वायु बाहेर जाणें. सहा सिलिंडरांचें इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल, तर प्रत्येक सिलिंडरांत सेकंदास २५, म्हणजे एकंदर १५० ठिणग्या पडाव्या लागतात. ह्यांपैकीं कांहीं ठिणग्या चुकल्या, किंवा ठिणगी पडूनहि मिश्रण पेटलें नाहीं, तर गाडीस हिसके बसतात. ह्यालाच कारागीर लोक "मिसिंग" म्हणतात. ऍक्सिलरेटर दाबला असतां गाडी क्षणभर थबकते, तिला उचल येत नाहीं, हें त्याच्या जोडीनें दिसणारें दुसरें लक्षण होय.

आतां टर्बोची ओळख करून घेऊं. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरानें एक लहान चक्र फिरतें, आणि त्याच आंसावर बसविलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी ह्यानें १९०५ सालीं ह्या कल्पनेचें पेटंट घेतलें. दाबल्यानें हवा तापते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें नळकांडें हातास ऊन लागतें, त्याचें एक कारण हेंच. तापलेली हवा विरळ असते. म्हणून तिला गाडीच्या पुढील भागीं बसविलेल्या "इंटरकूलर" नांवाच्या जाळीदार पेटींतून नेऊन, वाऱ्यानें निववून, मग इंजिनांत सोडतात.

फोर्ड कंपनीनें आपल्या एफ-१५० ह्या पिकअप ट्रकास, म्हणजे मागें मालाचा उघडा हौदा असलेल्या गाडीस, २०११ च्या नमुन्यापासून ३.५ लिटरचें, सहा सिलिंडरांचें व दोन टर्बोंचें पेट्रोल-इंजिन देऊं केलें. लवकरच कांहीं मालकांच्या तक्रारी येऊं लागल्या. दमट किंवा पावसाळी हवेंत हमरस्त्यावर बराच वेळ एका वेगानें चालल्यावर, पुढची गाडी ओलांडण्यासाठीं ऍक्सिलरेटर जोरानें दाबला कीं इंजिन थरथरे व त्याचा जोर एकाएकीं नाहींसा होई. हा प्रकार क्षुल्लक नव्हे. ओलांडतांना आपण रस्त्याच्या विरुद्ध बाजूस गेलेले असतों. समोरून गाडी येत असते. अशा क्षणीं इंजिनानें दगा दिला तर प्रसंग प्राणावर बेततो. ह्याच कारणास्तव २०१३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा खात्यानें ह्या तक्रारींची चौकशी सुरू केली.

असा रोगी कोरड्या दिवशीं कारखान्यांत नेला, तर तो निरोगीच दिसावयाचा ! मग दोष कोठें होता ? तो होता इंटरकूलरमध्यें सांचलेल्या पाण्यांत. थंड पाण्यानें भरलेल्या तांब्यास बाहेरून घाम येतो, हें आपण रोज पाहतों. पण येथें एक शंका येईल. इंटरकूलर तर बाहेरच्या वाऱ्यानेंच निवतो. तो त्या वाऱ्याहून थंड होत नाहीं. मग त्यांत घाम कसा यावा? उत्तर दाबांत आहे. हवा दाबून निम्म्या जागेंत बसविली म्हणजे तिच्यांतील बाष्पहि निम्म्या जागेंत दाटतें. ती हवा पुन्हां पूर्वीइतकी निवली, कीं एवढें बाष्प तिला धरून ठेवतां येत नाहीं. अधिक असेल तें पाणी होऊन गळतें. हवा आधींच दमट असली तर थोडा दाबहि पुरतो. असें थेंबथेंब पाणी पेटीच्या तळाशीं जमतें. पुढें टर्बो जोरानें हवा ढकलूं लागला, कीं तें एकदम सिलिंडरांत ओढलें जातें व मिश्रण पेटत नाहीं. गाडींतील गणकयंत्रास हें कळतें, आणि इंजिनाच्या रक्षणार्थ तें त्याची शक्ति कमी करतें. कंपनीनें ह्यावर जो उपाय सुचविला त्यांत इंटरकूलरचा कांहीं भाग झांकणारी एक पट्टी होती. पेटी कमी निवली कीं पाणीहि कमी सांचतें.

ह्यावरून परीक्षेचा क्रम ध्यानांत येईल.

पहिली पायरी प्रश्नांची. दोष इंजिन थंड असतां दिसतो कीं तापल्यावर, सपाटीवर कीं चढावर, कोरड्या दिवशीं कीं ओल्या ?

दुसरी पायरी गणकयंत्राची साक्ष काढण्याची. अमेरिकेंत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींत एकाच नमुन्याची जोडणी असते. तीस वाचकयंत्र लावलें म्हणजे दोषांक दिसतात. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरांतील चूक, पी-०३०२ म्हणजे दुसऱ्यांतील. पी-०३०० म्हणजे चूक एका ठिकाणीं स्थिर नाहीं.

तिसरी पायरी अदलाबदलीची. दोष तिसऱ्या सिलिंडरांत असेल तर त्याची कॉइल पांचव्यावर व पांचव्याची तिसऱ्यावर बसवावी. दोष कॉइलबरोबर पांचव्यांत गेला तर कॉइल वाईट. जागींच राहिला तर कॉइल निर्दोष. ह्यांत खर्च कांहींच नाहीं. मग प्लग काढून पाहावे. दाट हवेंतून ठिणगीला उडी मारणें कठीण पडतें. म्हणून टर्बोच्या इंजिनांत प्लगाचें अंतर मिलिमीटरापेक्षांहि कमी ठेवतात. झिजून तें वाढलें, कीं ठिणगी नेमकी ओझ्याच्या वेळींच चुकते.

चौथी पायरी नळ्यांची. दाबलेली हवा चिरेंतून निसटत असेल, तर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे ती जागा दाखवितात. हें सर्व ठीक असून दोष फक्त दमट दिवशींच दिसत असेल, तर इंटरकूलरची नळी सोडून आंत पाणी आहे कीं काय तें पाहावें.

एक सूचना चालविणारासाठीं. इंजिनाचा दिवा उघडझांप करूं लागला तर जोर कमी करून गाडी सुरक्षित जागीं थांबवावी. न जळलेलें पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांत जाऊन पेटतें, व तें महाग उपकरण निकामी होतें.

आपल्याकडे बाजारांत भाजीपाला आणणाऱ्या पिकअप गाड्यांपैकीं पुष्कळांस टर्बो असतो, परंतु इंजिन डिझेलचें असतें. त्यांत ठिणगीचा प्लग नसतो. म्हणून तेथें फिल्टरांतील पाणी, चिरलेल्या नळ्या व डिझेलची फवारणी तपासावी लागते. पायऱ्या बदलल्या, तरी पहिला प्रश्न तोच राहतो.

मुलांनो, अंदाजानें एकामागून एक भाग बदलणारा कारागीरहि कधींमधीं दोषापर्यंत पोंचतो. पण त्या वाटेचा खर्च मालकास सोसावा लागतो, आणि दोष खरोखर कोणता होता हें दोघांसहि कळत नाहीं. गणिताचें उत्तर चुकलें म्हणजे आपण सर्व गणित खोडून टाकतों कीं कोणत्या पायरीवर चुकलें तें शोधतों, ह्याचा प्रत्येकानें स्वतःशीं विचार करावा. इंजिन काय किंवा गणित काय, आधीं विचारावें, मग पाहावें, आणि शेवटीं हातांत पाना घ्यावा.