कुदळ मारण्याआधी

पोरांनो, मय्यतीची खबर आली की तुम्ही कुदळ-फावडं घेऊन थेट कबरस्तानात धावता. त्याआधी खिशात सुतळी घाला. मय्यतीच्या घरी जाऊन उंची मोजा, खांद्याची रुंदीही मोजा. तरुणपणी एकदा मी नुसत्या अंदाजाने खणलं. जनाजा येऊन थांबला आणि बापाला खांदा दिलेल्या मुलासमोर मला काठ तासत बसावं लागलं. त्या कुदळीचा आवाज अजून कानातून जात नाही.

कबर उत्तर-दक्षिण घ्यायची. डोकं उत्तरेला, तोंड पश्चिमेला, किब्ल्याकडे. खोली पुरुषाला कमरेपर्यंत, बाईला छातीपर्यंत, असं मला थोरल्यांनी शिकवलं. तेच धरा.

पण खरी विद्या मातीची. मंचर-नारायणगावच्या बागायतीकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि काठ सोडते. तिथे बगली करू नका. पश्चिमेच्या भिंतीत कोरलेली बगली घट्ट मुरमातच टिकते. काळ्या मातीत संदूकी करा: मधोमध अरुंद चर, दोन्ही अंगांना पायरी, पायरीवर तख्ते. तख्त्यांच्या फटी ओल्या चिखलाने लिंपा. फटीतून माती अंगावर पडता कामा नये, सगळी मेहनत त्यासाठीच आहे. डोंगराच्या कडेला हात-दीड हातावर मुरूम लागतो, खाली मांजऱ्या दगड. तिथे कुदळीशी झटू नका, पहार घ्या.

पावसात एकट्याने खड्ड्यात उतरायचं नाही. एक जण कायम वर, काठाकडे बघत. उपसलेली माती काठापासून दोन हात लांब टाका. ओझ्याने काठ ढासळतो, आणि भिजलेली माती कुणाला सांगून येत नाही. आंबेगावातल्या माळीणवर 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर उतरला, 151 माणसं गेली. आपला खड्डा लहान असला तरी माती तीच आहे. आदल्या दिवशी खणून ठेवू नका, रात्रीत पाणी भरतं. चढाच्या बाजूला आधी चर काढून पाणी वळवा, मग कबरीला हात घाला.

जुन्या कबरस्तानात कधी हाडं लागतात. ओरडायचं नाही, कुणाला बोलावून दाखवायचं नाही. हाताने उचला, फडक्यात ठेवा आणि त्याच खड्ड्याच्या एका कडेला मातीआड करा. तिथे आधी झोपलेल्याचा हक्क पहिला आहे.

शेजारच्या लिंगायत घरात कुणी गेलं आणि खणायला बोलावलं, तर जा. त्यांच्यात देह बसवून ठेवतात. खड्डा चौकोनी लागतो, आत कोनाडा. माप आणि दिशा त्यांचे पुरोहित, जंगम, सांगतील, तेच करा, आपलं शहाणपण मध्ये आणू नका. विभूती, बेल, मीठ त्यांचे ते आणतात. हिंदू घरांतही तान्ह्या लेकराला पुरतातच. तो खड्डा लहान असतो म्हणून उथळ करू नका. आपल्या भागात कोल्हे, तरस फिरतात. छातीएवढा खणा, वर दगड रचा आणि बाभळीच्या काट्या टाका. हे काम मला सगळ्यात जड गेलं. त्या बापाशी बोलायला जाऊ नका, नुसतं जवळ उभं राहा.

2020-21 च्या साथीत घरची माणसं लांब उभी राहिली आणि माती आपल्यालाच द्यावी लागली. तेव्हा घरच्यांनी टाकायच्या मातीच्या तिन्ही मुठी आम्ही त्यांच्या वतीने टाकल्या. पुन्हा तशी वेळ आली तर विसरू नका.

मजुरीवरून दारात घासाघीस नको. कुदळ धुऊन ठेवा, दांडा हललेला असेल तर त्याच दिवशी बसवा.

आणि माती खचते. पहिला मोठा पाऊस झाला की घमेलंभर माती घेऊन परत जा आणि कबर सारखी करून या. घरच्यांना सांगायची गरज नाही.