क्विन्सीला परत



रंगावरून झालेला अपमान माणसाच्या मनात खोल रुतून बसतो. तो देवळाच्या अंगणातच झाला असेल तर? ह्या रविवारी आपण फादर ऑगस्टस टोल्टन ह्यांच्या जीवनाकडे पाहू या.

१८५४ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात ते गुलामगिरीत जन्मले. १८६२ मध्ये आई मार्था तीन लेकरांना घेऊन मिसिसिपी नदीपलीकडे, इलिनॉय राज्यात पळाली. क्विन्सी शहरात मायलेकरे तंबाखूच्या कारखान्यात राबली. ऑगस्टसला धर्मग्रामाच्या शाळेत घातले, तेव्हा गोऱ्या पालकांनी (होय, मिस्साला येणाऱ्या कॅथलिकांनीच) विरोध केला. मुलाला शाळा सोडावी लागली.

अशा मुलाला 'क्षमा कर, विसरून जा' एवढे सांगून भागते का? आम्हांला तसे वाटत नाही. दुसऱ्या धर्मग्रामाचे फादर मॅकगर ह्यांनी त्याला आपल्या शाळेत बसवले. जखम भरायला सुरुवात झाली ती तिथे. आपल्याकडे रंगाच्या जोडीला जातही आहे, 'ते आपल्यातले नाहीत' हे शब्दही आहेत. म्हणून लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत हा प्रश्न घ्यावा: आपल्या वाडीत मॅकगर कोण झाले, आणि विरोध करणारे पालक कोण?

पुढे अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्यांना घेतले नाही. १८८० मध्ये ते रोमला गेले आणि २४ एप्रिल १८८६ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आफ्रिकेत पाठवतील अशी त्यांची अपेक्षा होती. वरिष्ठांनी पाठवले ते अमेरिकेत, आणि तेही क्विन्सीलाच! जिथे घाव बसला तिथेच सेवा. त्यांच्या मिस्साला गोरेही येऊ लागले, ते शेजारच्या एका धर्मगुरूला रुचले नाही. अखेर १८८९ मध्ये ते शिकागोला गेले.

मात्र त्यांनी दुःख एकट्याने गिळले नाही. त्याच वर्षी जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय कॅथलिकांची पहिली परिषद भरली. तिथे त्यांनी मिस्सा अर्पण केला. सारखेच घाव सोसलेली माणसे एकत्र बसली आणि शाळा व रोजगारातील भेदभावाविषयी उघडपणे बोलली. शिकागोत आई त्यांच्यासोबत राहिली. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी त्यांनी सेंट मोनिका चर्च उभारायला घेतले.

९ जुलै १८९७ रोजी, कडक उन्हाळ्यात, वयाच्या ४३ व्या वर्षी ते वारले. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना 'वंदनीय' घोषित केले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन क्विन्सीत झाले.