पस्तीस टक्क्यांचा हिशेब

वटार

चि. बाय,


नोकरी सोडून वाडीत सुकेळ्यांचा कारखाना टाकायचा म्हणतेस, सरकार पस्तीस टक्के फुकट देतं म्हणून. पस्तीस टक्के खरे आहेत, फुकट मात्र नाहीत. माझी उमर बँकेत कर्जाच्या टेबलावर गेली, म्हणून सांगतो: पैसे बँक देते. सरकार आपला वाटा मागाहून बँकेकडे भरतं आणि तो तुझ्या नावावर नुसता पडून राहतो. त्यामुळे पटवायचं आहे ते बँकेच्या मॅनेजरला, मंत्रालयाला नाही.

तुझ्या कामाची योजना म्हणजे २०२० ची प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. आपल्याकडे ती कृषी खातं चालवतं, म्हणून आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा. अर्ज अजून घेतात का, एवढं पहिल्यांदा विचार. योजनांची मुदत वाढते तशी संपतेही. अनुदान प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. समज, ड्रायर, पॅकिंगचं यंत्र, टेबलं असा ६ लाखांचा प्रकल्प झाला. किमान १० टक्के, म्हणजे ६० हजार तुझे. बँक ५ लाख ४० हजार देईल. त्यातले २ लाख १० हजार अनुदानाचे, पण शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं कर्ज नियमित फेडलंस आणि धंदा चालू राहिला, तरच ते तुझ्या कर्जात वळते होतील. मध्येच कर्ज थकलं, तर तीच रक्कम बँक थकबाकीपोटी घेईल आणि उरलेलं तुझ्या डोक्यावर. जागेची किंमत खर्चात धरत नाहीत. आणि मंजुरीआधी हौसेनं यंत्र आणून ठेवू नकोस. बँक पैसे विक्रेत्यालाच देते, तुझ्या जुन्या पावतीला कोणी विचारणार नाही.

दुसरी योजना पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची, २००८ पासूनची. ती मुख्यतः नव्या उद्योगाला. तिथे बाईमाणसाला ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरात २५. आता आपली गावं ग्रामीण की शहरी? २००९ ला वसई-विरार महानगरपालिका झाली, मग त्यातून २९ गावं वगळायचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. तुझ्या जागेचा दाखला कोण देतं ते पाहूनच टक्के मोज. अन्नप्रक्रियेच्या योजनेत ही भानगड नाही, म्हणून माझं मत तिकडे. मुद्रा योजनेचं नाव कोणी घेतलं तर ते निव्वळ कर्ज आहे, त्यात अनुदान नाही.

विरारला स्टेशनबाहेर 'अनुदान मिळवून देतो' म्हणणारे भेटतील आणि मंजूर रकमेवर टक्के मागतील. एक पैसा देऊ नकोस. अन्नप्रक्रियेच्या योजनेत जिल्ह्यासाठी संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, अर्ज आणि प्रकल्प अहवाल त्या करून देतात, त्यांचं मानधन योजनेतूनच जातं. उद्यम नोंदणीही मोफत आहे; पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट्स निघाल्या आहेत, त्यांच्यापासून सांभाळ.

अहवाल कोणीही लिहो, आकडे तुझे हवेत. किती राजेळी केळ्यांमागे किती किलो सुकेळी उतरतात, ते आईला विचारू नकोस, ती 'बरीच' म्हणेल. तराजू घेऊन बस. केळी सोलल्यावर मोज, वाळल्यावर पुन्हा मोज. आणि राजेळीच मिळणार का, हे बँक विचारणार नाही, पण तू विचारलं पाहिजेस. वाड्या विकल्या गेल्या, पाणी खारं होत चाललं, राजेळी लावणारे कमी उरले. ड्रायर आला आणि घड आले नाहीत, तर हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येईल. नाळे, राजोडी, आगाशीकडे फिरून चार बागायतदारांशी घड द्यायचं बोलून ठेव, जमलं तर कागदावर. अवकाळी पावसात आईचा माल कसा काळा पडतो ते तू पाहिलं आहेस. ड्रायर कशासाठी हवा, याचं तेच कारण अहवालात लिही. 'तरुण उद्योजकांना प्रोत्साहन' वगैरे मजकूर आम्ही वाचतही नव्हतो.

आत्तापासून आईच्या मालाच्या विक्रीचे पैसे खात्यावर घे. रोख विकलेला माल बँकेला दिसत नाही. सुकेळ्यांचा हंगाम उन्हाळ्यापर्यंतच; पावसाळ्यात बाहेरचं काही वाळवणार नसशील, तर हप्ते हंगामाप्रमाणे बांधून मिळतील का, हे मंजुरीआधी विचार, नंतर नाही. मॅनेजर परप्रांतातला असला तर सुकेळी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नसेल. केळीच्या सोपात बांधलेली एक जुडी घेऊन जा, ती लाच होत नाही.

ड्रायरची कोटेशनं तीन ठिकाणांहून मागव आणि इकडे पाठव. फोनवर फोटो नको, कागद पाठव. माझ्या डोळ्यांना त्या पडद्यावर जीएसटीची ओळ दिसत नाही.

तुझा
काका