मितव्यय आणि लोकलज्जा

एका वासनिक गृहस्थाने आम्हांस विचारले, “बाबा, आमच्या भावकीत लग्ने थाटाने होतात. मी कन्येचा विवाह साधेपणाने करू म्हणतो, तर सोयरे मला कृपण ठरवितात. कर्ज काढावे, की बोल सोसावा?”

या शंकेचे समाधान करताना प्रथम कृपण आणि मितव्ययी यांतील भेद जाणावा. दोघांचाही हात बाहेरून आखडलेलाच दिसतो. परंतु कृपण दुसऱ्याच्या वाट्यात कपात करतो : अतिथीचे ताट, मजुराची मजुरी, भिक्षूचा घास. मितव्ययी स्वतःच्या भोगात कपात करतो. म्हणून त्या गृहस्थाने पाहुण्यांस पोटभर जेवू घालावे. मंडप, वाजंत्री आणि मानपान मात्र आटोपते ठेवावे. कर्ज काढून केलेला थाट हे औदार्य नव्हे. ते कर्ज पुढे बायकामुलांच्या घासातून फिटते. म्हणजे तेथेही वाटा दुसऱ्याचाच गेला.

लज्जा जिंकल्यावर दुसरा शत्रू उभा राहतो, तो अहंतेचा. याविषयी आमचाच दोष सांगतो. तरुणपणी आमचे वस्त्र जीर्ण होते आणि सहाध्यायांची वस्त्रे नवी होती. प्रथम संकोच वाटे. पुढे त्या जीर्ण वस्त्राचाच अभिमान वाटू लागला, आणि स्मरणास बसलो असता इतरांची वस्त्रे मोजण्यात वेळ जाई. वस्तू सुटली, वस्तूचे चिंतन सुटले नाही.

भिक्षेचा आचार या दोन्ही विकारांवर औषध आहे. घर निवडावयाचे नाही, अन्न निवडावयाचे नाही. मिळेल ते झोळीत घ्यावयाचे. तेथे लाजेलाही ठाव नाही आणि मिरविण्यालाही नाही. म्हाइंभट हे संपन्न घरचे विद्वान पंडित होते. देवगिरीच्या यादवांचे वैभव भरात असता, तेराव्या शतकात, त्यांनी हा मार्ग धरिला. पुढे लीळा मिळविण्यासाठी ते गावोगाव हिंडले. आज आपण त्यांचे स्मरण करतो ते त्यांनी काय टाकले यासाठी नव्हे, तर टाकून मोकळ्या झालेल्या आयुष्यात जे केले त्या लीळाचरित्रासाठी.

दृष्टांत : दोन घरी दिवे होते. एकाने वात मोठी केली. काजळी धरली आणि मध्यरात्रीपूर्वी तेल सरले. दुसऱ्याने वात बारीक ठेविली. परंतु तो रात्रभर शेजाऱ्याच्या उजेडाकडे पाहत बसला. पोथी दोघांचीही वाचून झाली नाही.

दार्ष्टांतिक : वात बारीक करणे हा मितव्यय, पोथी वाचणे हे त्याचे प्रयोजन. शेजाऱ्याच्या दिव्याचा हेवा आणि त्याची निंदा, दोन्ही सारखीच दृष्टी हरवितात.

म्हणून साधकाने खर्च कमी केल्यावर स्वतःस एवढेच विचारावे : जे वाचले, ते स्मरणास लागले काय? उत्तर होकारार्थी असेल, तर सोयऱ्यांचा बोल सुखाने सोसावा. नकारार्थी असेल, तर सोयऱ्यांना बोल लावू नये.