संध्याकाळची खा-खा

प्रश्न : संध्याकाळ झाली की नवरा, मुलं आणि मीही फरसाण-बिस्किटांवर तुटून पडतो, रात्री पुन्हा पोटभर जेवतो. काय करावं?

उत्तर : ताई, जिभेला दोष देऊ नका. सकाळी चहा-बिस्किट आणि दुपारी नुसती पोळी-भाजी झाली, तर प्रथिनं कमी पडतात आणि संध्याकाळी भूक उसळते. दुपारच्या ताटात वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ हवीच. पाच वाजता फुटाणे, ताक समोर ठेवा. फरसाण महिन्याच्या किराणा यादीतून काढा, कधीतरी थोडंच आणा. मुलांना खाण्यावरून टोचून बोलू नका, त्यानं चोरून खाणं वाढतं. अपुरी झोपही भूक वाढवते. मात्र भुकेबरोबर खूप तहान, वारंवार लघवी किंवा वजन घटणं दिसलं, तर रक्तातली साखर लगेच तपासून घ्या.