आधी नकाशा, मग भाडं

दुबईला जाऊन आलो म्हटलं की आष्टीत पहिला प्रश्न ठरलेला : "खोली कितीला पडली?" आता कोणी जाणारा भेटला की मीच त्याला उलटे तीन प्रश्न विचारतो. खोली नेमकी कुठे आहे? ताब्यात किती वाजता मिळते? आणि रात्री तिथे झोप लागते का?

आंबिया बहाराची संत्री विकून झाली होती, म्हणून आई-बाबांना घेऊन निघालो. तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत नागपूर गाठलं आणि तिथून शारजाचं थेट विमान धरलं. ते रात्री उशिरा सुटलं. शिवाय तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, त्यामुळे उतरलो तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. एजंटाने "देरा भागात, मेट्रोपासून पाच मिनिटं, एकदम फॅमिली हॉटेल" म्हणून खोली घेऊन दिली होती. काउंटरवर सांगितलं, "चेक-इन दुपारी दोनला. आधी हवी तर अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं." रात्रभर जागलेले आई-बाबा सोफ्यावर पेंगत राहिले. ती पाच मिनिटं गाडीने होती, हे संध्याकाळी पायी निघालो तेव्हा कळलं. आणि रात्री खालच्या मजल्यावर हिंदी गाण्यांचा बँड सुरू झाला. बाबा उठून बसले, "अबे, खालून वरात चालली का काय?" ती वरात पहाटेच थांबली. पैसे परत न मिळणारं बुकिंग असल्यामुळे हॉटेल बदलायचीही सोय नव्हती.

आता कामाचं सांगतो.

जागा पाहताना मेट्रो धरून चला. युनियन आणि बुर्जुमान या स्थानकांवर लाल आणि हिरवी अशा दोन्ही मार्गिका मिळतात, म्हणून त्यांच्या आसपासची खोली थोडी महाग पडली तरी परवडते. बुर्जुमानच्या बाजूला, बर दुबईत, शाकाहारी जेवणही सहज मिळतं. खाडीपलीकडे जायला अब्रा नावाची लाकडी होडी आहे, तिचं भाडं अवघा 1 दिरहम. अंतर मात्र नकाशावर पायी चालण्याचा पर्याय निवडूनच मोजा. उन्हाळ्यात तिथली हॉटेलं स्वस्त होतात. आपण वर्धेचं ऊन सोसलेली माणसं, पण समुद्राकाठच्या दमट उकाड्यात दहा मिनिटं चालणंही जड जातं.

विमान शारजाला उतरतं आणि तिथे खोल्याही स्वस्त, मग तिथेच राहू, असं अनेकांना वाटतं. पण दुबईची मेट्रो शारजापर्यंत जात नाही. सकाळ-संध्याकाळ दोन्ही शहरांमधला रस्ता गाड्यांनी तुंबतो. खोलीत वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, आणि चार दिवसांच्या सहलीतले कितीतरी तास रस्त्यावर.

वेळेचं बोलणं बुकिंगआधीच करा. सकाळी पोचणार असाल तर हॉटेलला थेट फोन लावा. हिंदी बोलणारं कोणी ना कोणी भेटतंच. खोली लवकर मिळेल का, त्याचे किती घेणार, निदान सामान ठेवून तोंड धुता येईल का, हे विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी मागवा. सोबत म्हातारी माणसं असतील तर आदल्या रात्रीचंही भाडं भरून सकाळी थेट खोलीत जाणं कधीकधी शहाणपणाचं ठरतं.

झोपेची चौकशी परीक्षणांत करा. सरासरी तारे पाहून थांबू नका. अलीकडच्या, कमी गुण देणाऱ्या पाहुण्यांनी काय लिहिलंय ते वाचा. बँड, क्लब, लिफ्ट, ढेकूण हे शब्द शोधा. देरा आणि बर दुबईतल्या बऱ्याच स्वस्त हॉटेलांत खाली नाइट क्लब असतो. वरच्या मजल्यावरची, खिडकी असलेली खोली आधीच मागून घ्या, कारण स्वस्त खोलीला खिडकी असेलच असं नाही.

हिशेबात वरचा खर्च धरा. दुबईत 2014पासून 'टुरिझम दिरहम' हे शुल्क लागतं. तीन तारांकित हॉटेलात ते दर खोलीला, दर रात्री 10 दिरहम असतं. म्हणजे चार रात्रींचे 40. बुकिंगच्या रकमेत ते बहुधा नसतं, काउंटरवर भरावं लागतं. अनामतही मागतात, तिची पावती घ्या. पासपोर्टची नोंद करू द्या, पण मूळ पासपोर्ट लगेच परत घ्या.

शेवटी, बुकिंग रद्द करता येणारं घ्या, थोडं जास्त द्यावं लागलं तरी. एजंटाकडून घेत असाल तर हॉटेलचं नाव पैसे देण्याआधी मागा. "त्याच दर्जाचं हॉटेल" एवढंच सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.