इम्प्लांटभोवतीची हिरडी का सुजते?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी दाढेच्या जागी इम्प्लांट बसवलं. दुखत नाही, पण ब्रश करताना तिथून रक्त येतं. दुर्लक्ष केलं तर चालेल?

उत्तर : नको. इम्प्लांटच्या टायटॅनियमला कीड लागत नाही, पण जिवाणूंचा चिकट थर त्यावरही बसतोच. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे, प्राणवायूविना वाढणारे जिवाणू हिरडीखाली साठले, की शरीर त्यांचा प्रतिकार करू लागतं. सूज येते ती त्यातूनच. नैसर्गिक दाताला धरून ठेवणारे तंतू इम्प्लांटभोवती नसतात, त्यामुळे ही सूज हाडापर्यंत लवकर उतरू शकते. हिरडीपुरती असेल तर नीट सफाईने बहुधा बरी होते. झिजलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही. एक्स-रे काढून घ्या. नुसत्या अँटिबायोटिकने थर निघत नाही, तेव्हा मनाने गोळ्या घेऊ नका. मधुमेह किंवा तंबाखूची सवय असेल तर दंतवैद्यांना स्पष्ट सांगा, लाजू नका.